परवान्यासाठी सुपरवायझर निवडताना: टेक्सस आणि कॅलिफोर्नियातल्या मराठी समुपदेशकांचे नेहमीचे प्रश्न

मी टेक्ससमध्ये समुपदेशक आहे. काही वर्षं असोसिएट म्हणून दुसऱ्यांच्या देखरेखीखाली काम केलं आणि आता स्वतः सुपरव्हिजन देते. मे आणि डिसेंबरमध्ये पदवीदान झालं की मराठी मुलींचे फोन सुरू होतात, हल्ली मुलांचेही होतात. मास्टर्स झालेलं असतं, पुढे परवान्यासाठी देखरेखीखालच्या कामाचे हजारो तास भरायचे असतात आणि ते कोणाच्या हाताखाली भरायचे याचा निर्णय आठवड्याभरात घ्यायचा असतो. घाईत घेतलेल्या या एका निर्णयामुळे लोकांची वर्षं वाया गेलेली मी पाहिली आहेत. म्हणून फोनवर जे सांगते ते इथे सविस्तर लिहिते आहे.

उदाहरणं टेक्सस आणि कॅलिफोर्नियाची आहेत, कारण विचारणाऱ्या बहुतेक जणी तिथल्या असतात. परवाना देणाऱ्या बोर्डाचे नियम बदलत राहतात. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी आपल्या राज्याच्या बोर्डाचं संकेतस्थळ स्वतः वाचा. मैत्रिणीने सांगितलं म्हणून विसंबू नका, मी सांगितलं म्हणूनही नको.

परीक्षा पास झाले आहे. तरी सुपरवायझर लागतोच का?

लागतो. टेक्ससमध्ये एनसीई किंवा एनसीएमएचसीई या समुपदेशनाच्या राष्ट्रीय परीक्षांपैकी एक पास झालात की अर्ज करून तुम्हाला ‘एलपीसी असोसिएट’ (एलपीसी म्हणजे लायसन्स्ड प्रोफेशनल कौन्सेलर) हा परवाना मिळतो. तो स्वतंत्र काम करण्याचा परवाना नव्हे. त्या अर्जासोबतच सुपरवायझरबरोबरचा करार जोडावा लागतो, त्यामुळे सुपरवायझर ठरल्याशिवाय गाडी पुढे सरकतच नाही. कॅलिफोर्नियात ‘एपीसीसी’ (तिथला असोसिएट समुपदेशक) म्हणून नोंदणी आधी होते, सुपरवायझर नोकरीसोबत ठरतो आणि क्लिनिकल परीक्षा तास भरल्यावर येते.

एकूण किती तास? दीड वर्षात होतील ना?

दोन्ही राज्यांत 3,000. टेक्ससमध्ये त्यातले निदान 1,500 तास क्लायंटसमोर बसून केलेले हवेत आणि मुदत किमान 18 महिन्यांची. कॅलिफोर्नियात थेट समुपदेशनाचे 1,750 हवेत आणि किमान 104 आठवडे.

आता कागद-पेन्सिल घ्या. 18 महिने म्हणजे साधारण 78 आठवडे. 1,500 तास त्यात बसवायचे तर एकही आठवडा न चुकता दर आठवड्याला 19 हून थोडे जास्त क्लायंट-तास लागतात. नवख्या असोसिएटला सुरुवातीला एवढे क्लायंट मिळत नाहीत, आणि मिळाले तरी त्यातले काही जण ऐनवेळी येत नाहीत. आठवड्याला 12 तास मिळाले तर तेच काम 125 आठवड्यांचं होतं, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षांचं. तुम्ही जो सुपरवायझर निवडाल त्याच्याबरोबर इतका काळ काढायचा आहे, हे लक्षात ठेवूनच निवडा.

सुपरवायझर म्हणजे ऑफिसातला बॉसच ना?

नाही, आणि ही गल्लत महागात पडते. बॉस तुमचं वेळापत्रक, पगार, रजा बघतो. क्लिनिकल सुपरवायझर तुमचं खोलीतलं काम बघतो: क्लायंटला तुम्ही काय विचारलंत, काय विचारायचं टाळलंत, निदान कशावरून केलंत, धोका कसा जोखलात. टेक्ससच्या नियमांनुसार तुमच्या समुपदेशनाची पूर्ण व्यावसायिक जबाबदारी सुपरवायझरवर असते. म्हणूनच तुमच्या कार्डावर, वेबसाइटवर, बिलावर आणि क्लायंटला भरायला दिलेल्या फॉर्मवर तुमच्या नावाखाली ‘अमुकांच्या देखरेखीखाली’ असं सुपरवायझरचं नाव यावं लागतं. चूक तुमच्या हातून झाली तरी परवाना त्यांचाही पणाला लागलेला असतो. ज्यांना या गोष्टीची जाणीव आहे ते सुपरवायझर तुम्हाला नुसतं ‘छान चाललंय’ म्हणून घरी पाठवत नाहीत.

सुपरव्हिजनच्या अभ्यासात जनीन बर्नार्ड यांनी 1979 मध्ये मांडलेलं एक मॉडेल अजून शिकवलं जातं. त्यांच्या मते सुपरवायझर तीन भूमिकांत फिरतो: कधी शिक्षक, कधी समुपदेशक, कधी सल्लागार. पहिल्या महिन्यांत शिक्षक जास्त लागतो, पुढे पुढे सल्लागार. मधल्या भूमिकेबद्दल मात्र सावध राहा. क्लायंटमुळे तुमच्या मनात काय हललं हे सुपरवायझरने विचारणं योग्यच आहे, पण तुमचीच थेरपी त्यांनी करणं अमेरिकन कौन्सेलिंग असोसिएशनच्या आचारसंहितेला मान्य नाही. तुम्हाला थेरपीची गरज असेल तर ती दुसऱ्या कोणाकडे घ्या. जरूर घ्या.

सही करायचा अधिकार कोणाला असतो?

टेक्ससमध्ये फक्त ‘एलपीसी-एस’ला, म्हणजे सुपरवायझरचा दर्जा मिळालेल्या एलपीसीला. त्यासाठी पूर्ण परवान्यावर निदान 60 महिने काम आणि 40 तासांचं सुपरव्हिजनचं प्रशिक्षण लागतं. नुसता एलपीसी असलेला माणूस कितीही अनुभवी असला तरी त्याच्या हाताखालचे तास मोजले जात नाहीत. कॅलिफोर्नियाचा नियम जास्त मोकळा आहे: एलपीसीसी (तिथला पूर्ण परवाना असलेला समुपदेशक) याच्याबरोबरच मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट, क्लिनिकल सोशल वर्कर, मानसशास्त्रज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञही चालतात, मात्र गेल्या पाच वर्षांत निदान दोन वर्षं त्यांचा परवाना चालू असायला हवा.

बोर्डाच्या संकेतस्थळावर कोणाचाही परवाना तपासता येतो. मुदत कधी संपते, कधी शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, सगळं तिथे दिसतं. भेटायला जाण्याआधी तपासा आणि नंतरही दर सहा महिन्यांनी तपासत राहा. टेक्ससमध्ये सुपरवायझरचा दर्जा संपल्यानंतर भरलेले तास बोर्डाने खास मान्यता दिल्याशिवाय धरले जात नाहीत. त्यांनी नूतनीकरण विसरलं तर नुकसान तुमचं होतं.

पुण्यातल्या माझ्या मॅडम तीस वर्षं समुपदेशन करताहेत. त्यांचं सुपरव्हिजन चालेल का?

परवान्यासाठी नाही. अमेरिकेत परवाना राज्य देतं आणि सही करणाऱ्याकडे त्या राज्याने मान्य केलेला परवाना लागतो. भारतात भरलेल्या तासांचं काय, हे मात्र बोर्डाला लेखी विचारा. पदवीचाही प्रश्न येतो: दोन्ही राज्यांना 60 सेमिस्टर-क्रेडिटचं मास्टर्स लागतं, त्यामुळे मुंबई किंवा पुणे विद्यापीठाचं दोन वर्षांचं एमए बहुतेक वेळा तेवढ्यावर पुरत नाही.

पण मॅडमना सोडू नका. क्लायंटची ओळख लपवून, महिन्यातून एकदा त्यांच्याशी बोलायला तुमच्या सुपरवायझरची हरकत नसेल, तर मराठी घरांतली गुंतागुंत त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणाला कळणार नाही.

भेट ठरली आहे. काय विचारू?

आपल्याला वाटतं की ही मुलाखत ते घेणार आणि आपण उत्तरं द्यायची. तसं नाही. तुम्हीही त्यांची मुलाखत घेता आहात. बहुतेक जणी फक्त ‘फी किती’ आणि ‘वेळ कुठली’ विचारून परत येतात.

मी सर्वांत आधी हे विचारायला सांगते: रात्री नऊ वाजता क्लायंटने जीव द्यायचा विचार बोलून दाखवला, तर मी तुम्हाला फोन करू शकते का? आणि तुम्ही उचलला नाहीत तर कोणाला करू? 988 ही राष्ट्रीय हेल्पलाइन क्लायंटसाठी आहे. तुमच्यासाठी सुपरवायझर आहे. ‘मेसेज टाक, दुसऱ्या दिवशी बघतो’ हे उत्तर आलं तर तिथूनच निघा. आचारसंहितेनुसार आणीबाणीत आपण कसे सापडू आणि आपण नसताना पर्यायी कोण, हे सुपरवायझरने आधी सांगून ठेवायचं असतं. ती काही तुमच्यावरची मेहेरबानी नाही.

मग विचारा: माझं काम तुम्ही प्रत्यक्ष कसं पाहणार? क्लायंटच्या लेखी संमतीने केलेलं रेकॉर्डिंग ऐकणार, सेशनमध्ये बसणार, की माझ्या सांगण्यावरच सगळं? नुसत्या सांगण्यावर चालणारं सुपरव्हिजन कमकुवत असतं, कारण आपल्याला जे दिसलंच नाही ते आपण सांगणार कसं?

कायद्याचंही एक विचारा. क्लायंटने तिसऱ्या माणसाला मारण्याची धमकी दिली तर आपल्या राज्यात मी काय करायचं? कॅलिफोर्नियात 1976 च्या तारासॉफ निकालापासून, धोक्यात असलेल्या व्यक्तीच्या संरक्षणासाठी पावलं उचलणं हे थेरपिस्टचं कर्तव्य आहे. टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये असं कर्तव्य लादायला नकार दिला. तिथे कायदा पोलिसांना किंवा वैद्यकीय कर्मचाऱ्यांना सांगण्याची मुभा देतो, पण संबंधित माणसाला परस्पर फोन करणं ही वेगळी गोष्ट ठरते. पाठ्यपुस्तकात तारासॉफ सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण टेक्ससचा फरक सुपरवायझरला चटकन सांगता येतो का हे पाहा. बालकांच्या छळाची तक्रार करण्याबद्दलही असंच विचारा. टेक्ससमध्ये ती जबाबदारी दुसऱ्यावर सोपवता येत नाही. ‘मी सुपरवायझरला सांगितलं होतं’ एवढ्यावर तुमची सुटका होत नाही.

शेवटी त्यांच्या आधीच्या असोसिएटबद्दल विचारा: किती जणींना पूर्ण परवाना मिळाला, कोणी मध्येच सोडून गेलं का, त्यांच्यापैकी एखादीशी बोलता येईल का. ज्यांच्याकडे लपवण्यासारखं काही नाही ते आनंदाने नंबर देतात.

मी चुका सांगायला घाबरते. सुपरवायझर काय म्हणतील?

सुपरवायझर निवडण्याचा माझा खरा निकष याच प्रश्नात आहे, म्हणून थोडं थांबून लिहिते.

1996 मध्ये निकोलस लडानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकाऊ थेरपिस्टना विचारलं होतं की तुम्ही सुपरवायझरपासून काही लपवता का. जवळजवळ सगळ्यांनीच काही ना काही लपवलेलं निघालं. सुपरवायझरबद्दलची नाराजी, स्वतःची चूक, क्लायंटबद्दलच्या नकोशा भावना. म्हणजे हे फक्त आपल्याच संस्कारांचं नाही. तरी आपल्याकडे त्यात भर पडते. मोठ्यांसमोर उलट बोलायचं नाही, बाईंनी सांगितलं म्हणजे तसंच, आपली चूक चारचौघांत उघड करायची नाही, असं आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. इथे सुपरवायझरला पहिल्या नावाने हाक मारायची असते, त्याची सवय व्हायलाच काही जणींना सहा महिने लागतात.

माझे पहिले सुपरवायझर सज्जन होते. तासाभरात अर्धा वेळ ईमेल पाहत, मग सही करत. एका सेशनमध्ये क्लायंट रडायला लागली आणि मी विषय बदलला. तिचं रडणं मला सहन होईना, कारण त्याच आठवड्यात माझ्या घरी, गावाकडे, एक मृत्यू झाला होता. हे मी सुपरव्हिजनमध्ये सांगितलं नाही. पुढच्या चार सेशनमध्ये ती बाई पुन्हा रडली नाही, आणि पाचव्याला आलीच नाही. ती का आली नाही हे मला तेव्हाच कळलं होतं, पण ते बोलायला जागा नव्हती.

दुसऱ्या सुपरवायझरने पहिल्याच भेटीत विचारलं, “मागच्या वर्षातलं असं एक सेशन सांग, जे कोणाला कळू नये असं तुला वाटतं.” मी ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मला दोष दिला नाही आणि पाठीवर हातही फिरवला नाही. विचारलं, “विषय बदलण्याच्या आधीच्या सेकंदाला तुझ्या अंगात काय झालं?” त्या एका प्रश्नाने मी जे शिकले ते आधीच्या संपूर्ण वर्षात शिकले नव्हते.

म्हणून भेटीतून बाहेर पडल्यावर स्वतःला एवढंच विचारा: माझी सर्वांत लाजिरवाणी चूक मी या माणसाला पुढच्या मंगळवारी सांगू शकेन का? उत्तर ‘नाही’ असेल तर कमी फी, जवळचं ऑफिस, मोठं नाव यांतलं काहीही ती उणीव भरून काढत नाही.

सुपरवायझर मराठी, निदान भारतीय असावा का?

असला तर बऱ्याच गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत. एकत्र कुटुंब, बाळंतपणाला सहा महिन्यांसाठी आलेली सासू, व्हिसावर अडकलेलं लग्न, ‘लोक काय म्हणतील’ हे सगळं त्यांना आधीच कळतं. पण कळतं असं वाटणं हाच यातला धोका आहे. ‘हो हो, आपल्याकडे असंच असतं’ असं म्हणून दोघंही पुढे सरकतात आणि त्या क्लायंटच्या घरात नेमकं काय चाललंय हे विचारायचं राहूनच जातं. जात, गाव, सोवळंओवळं, मुलीच्या लग्नाचं वय यांबद्दलची सुपरवायझरची स्वतःची मतं नकळत तुमच्या क्लायंटपर्यंत पोहोचतात.

दुसरं म्हणजे आपलं जग छोटं आहे. डॅलस असो वा फ्रीमाँट, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत तुम्ही, तुमचा क्लायंट आणि तुमचा सुपरवायझर एकाच रांगेत प्रसाद घ्यायला उभे असू शकता. आचारसंहितेने अशा दुहेरी नात्यांवर सरसकट बंदी घातलेली नाही, पण ती आधी बोलून ठेवावी लागतात. मी माझ्या असोसिएटना सांगते की मंडळात आपण दोघी समोरासमोर आलो तर नमस्कार करायचा आणि पुढे जायचं, कामाबद्दल तिथे अक्षरही नाही. क्लायंटलाही पहिल्या सेशनमध्ये तेच सांगायचं.

माझं मत असं: सुपरवायझर मराठी असण्यापेक्षा ‘मला हे माहीत नाही, समजावून सांग’ असं म्हणू शकणारा असावा.

माझी निम्मी सेशन्स मराठीत होतात. सुपरवायझरला मराठीचा गंधही नाही. काय करायचं?

चालवता येतं, पण मेहनत घ्यावी लागते आणि ती करायला दोघांची तयारी हवी.

अडचण कुठे येते ते सांगते. ‘त्यांनी माझ्यावर हात उगारला’ आणि ‘हात उचलला’ या दोन वाक्यांचं इंग्रजी घाईत एकच होतं. मराठीत ‘उगारला’ म्हणजे मारायला वर नेला, आणि ‘उचलला’ म्हणजे बहुतेक वेळा मारलंच. सुरक्षिततेची योजना करताना या फरकाला फार महत्त्व आहे. उलट बाजूही आहे. ‘मेलं हे सगळं’, ‘मरो ते’ हे आपल्याकडे वैतागून रोज बोललं जातं; त्याचं शब्दशः भाषांतर ऐकून सुपरवायझर हादरतो. आणि ‘आता माझं काही राहिलं नाही’, ‘सुटले एकदाची तर बरं होईल’ हे शांतपणे म्हटलेलं वाक्य भाषांतरात साधं वाटतं आणि निसटून जातं. कुठलीही शंका असली तर भाषांतराच्या फंदात न पडता क्लायंटला सरळ मराठीत विचारा: “जीव द्यावा असा विचार मनात येतो का?” असं विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

रीत अशी ठेवा. महिन्यातून एका सेशनचा दहा मिनिटांचा तुकडा निवडा, तो मराठीत उतरवून काढा आणि खाली ओळीओळीने इंग्रजी लिहा. जे शब्द इंग्रजीत जात नाहीत ते तसेच ठेवा आणि त्यांच्यापुढे दोन ओळी खर्च करा. माहेर, सोसणं, मनाला लावून घेणं, जीव घाबरा होणं, शब्द टाकणं. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण क्लायंटने नेमका कुठला शब्द वापरला हे तुम्हाला लिहितानाच कळतं. सेशनमध्ये तो कानावरून गेलेला असतो. कागदावर नाव-गाव येऊ देऊ नका, आणि रेकॉर्डिंग व कागद दोन्ही गोपनीयतेच्या नियमांनुसारच ठेवा. घरच्या लॅपटॉपवर, कुटुंबाच्या सामायिक क्लाउडमध्ये अजिबात नको. ऑनलाइन भाषांतराच्या फुकट साधनात सेशनचा मजकूर टाकणंही नको.

फी किती असते? परवडत नाही.

कोणी तासावर घेतं, कोणी महिन्याची ठरलेली रक्कम घेतं. टेक्ससमध्ये महिन्याला निदान चार तास सुपरव्हिजन लागतं, म्हणजे 18 महिन्यांचे 72 तास. समजा तासाला 100 डॉलर, तर 7,200 डॉलर होतात, आणि तास भरायला अडीच वर्षं लागली तर 12,000. म्हणून दर विचाराल तेव्हा एकूण रक्कम मांडा. भेट रद्द केली तर पैसे लागतात का, पत्र किंवा फॉर्म भरण्याचे वेगळे घेतात का, हेही करारात लिहून घ्या.

गटातलं सुपरव्हिजन स्वस्त पडतं आणि दुसऱ्यांच्या केसमधून शिकायलाही मिळतं. पण सगळे तास गटात भरू नका. बोर्डाच्या मर्यादा तर आहेतच, शिवाय वर लिहिलेली ती लाजिरवाणी चूक सात जणांसमोर कोणी सांगत नाही.

नोकरीच्या ठिकाणी सुपरव्हिजन फुकट मिळतंय. तेच घेऊ ना?

घ्या, पण पगार देणारा आणि सही करणारा एकच असेल तर एक प्रश्न विचारून ठेवा: नोकरी सोडली तर आत्तापर्यंतच्या तासांवर सही केव्हा मिळेल? ‘दोन वर्षं इथेच राहिलीस तर सही’ अशी अट कोणी घातली तर ती लेखी मागा आणि बोर्डाचे नियम घेऊन बसा.

कॅलिफोर्नियात असोसिएटला पगारी कर्मचारी किंवा स्वयंसेवक म्हणूनच काम करता येतं. ‘तुला कंत्राटी म्हणून घेतो, 1099 (कंत्राटदाराचा कर-फॉर्म) देतो’ असं कोणी म्हणालं तर ते तास धोक्यात आहेत असं समजा. सुपरवायझर बाहेरचा असेल तर मालक आणि सुपरवायझर यांच्यातला लेखी करारही लागतो.

कॅलिफोर्नियाचं आणखी एक गणित: आठवड्याला एक तास वैयक्तिक किंवा दोन तास गटातलं सुपरव्हिजन म्हणजे एक युनिट. एका ठिकाणी आठवड्यात थेट समुपदेशनाचे 10 पेक्षा जास्त तास झाले तर त्या आठवड्यात आणखी एक युनिट लागतं. सुपरवायझर सुट्टीवर आणि युनिट चुकलं, तर त्या आठवड्याचे तास गेले. त्यामुळे त्यांच्या सुट्ट्यांत कोण भरून काढणार हे जानेवारीतच ठरवा.

मी एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) वर आहे. ओपीटीत तास पूर्ण होतील का?

नुसत्या ओपीटीत, म्हणजे पदवीनंतर काम करण्याच्या परवानगीच्या काळात, नाही. ओपीटी 12 महिन्यांचा आणि टेक्ससची किमान मुदतच 18 महिन्यांची. कॅलिफोर्नियाची त्याहून मोठी. स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांना मिळणारी) मुदतवाढ तुमच्या आय-20 या विद्यापीठाच्या फॉर्मवरच्या अभ्यासक्रमाच्या कोडवर ठरते. तो कोड आजच काढून बघा आणि डीएसओला (विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याला) विचारा. ओपीटीवर बेरोजगारीचे 90 दिवस मोजले जातात, त्यामुळे परवान्याचा अर्ज बोर्डात पडून असताना घड्याळ तिकडे चालूच असतं. सुपरवायझर आणि नोकरी पदवीच्या आधी दोन-तीन महिने शोधायला लागा.

एच-4 (नवऱ्याच्या एच-1बीवर मिळणारा व्हिसा) वरच्या मैत्रिणींसाठी: ईएडी (काम करण्याचं परवानापत्र) नसताना ‘पगार घेत नाही, नुसते तास भरते’ असं करायला जाऊ नका. आधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा. नवऱ्याच्या ऑफिसचा वकील कंपनीचा असतो हे लक्षात ठेवा.

आणि सुपरवायझरला तुमच्या व्हिसाची स्थिती सुरुवातीलाच सांगा. त्याचा दबाव टाकून जास्त काम करून घेणारे लोक असतात. जे ऐकून शांतपणे ‘मग वेळापत्रक असं आखू’ म्हणतात, त्यांच्याकडे जा.

पदवी आणि नोंदणी यांच्या मधल्या काळातले तास धरतात का?

कॅलिफोर्नियात पदवी मिळाल्यापासून 90 दिवसांत बोर्डाकडे अर्ज पोहोचला, तर नोंदणी क्रमांक येण्याआधीचे तासही धरता येतात. मात्र नोकरीच्या ठिकाणी तास सुरू होण्याआधीच लाइव्ह स्कॅनने बोटांचे ठसे घेतल्याचा पुरावा लागतो. टेक्ससमध्ये परवाना हातात येईपर्यंत थांबा.

सुपरव्हिजन ऑनलाइन चालेल का?

समोरासमोरच्या व्हिडिओवर दोन्ही राज्यांत चालतं. पण क्लायंट ऑनलाइन असेल तर क्लायंट ज्या राज्यात बसला आहे त्या राज्याचा परवाना लागतो. क्लायंट ख्रिसमससाठी न्यू जर्सीला आईकडे गेली, तर ते सेशन आधी सुपरवायझरला विचारूनच करा. भारतात बसलेल्या क्लायंटचे तासही बोर्डाच्या लेखी उत्तराशिवाय मोजू नका.

मावशीची मुलगी एलपीसी-एस आहे. तिच्याकडे केलं तर?

नको. नातलगाकडून तटस्थपणे मूल्यमापन होत नाही आणि आचारसंहितेलाही ते मान्य नाही. जवळची मैत्रीणही नको. आणि ज्यांच्याकडे तुम्ही स्वतः थेरपी घेतली त्यांच्याकडे तर मुळीच नको.

पटत नाही. मध्येच बदलला तर वाईट दिसेल का?

नाही. योग्य ती पूर्वसूचना देऊन नातं संपवण्याचा हक्क आचारसंहितेने दोघांनाही दिला आहे. बदलण्याआधी एकदा स्पष्ट बोलून बघा: “रेकॉर्डिंग ऐकलं जात नाही, मला त्याची गरज आहे.” काही सुपरवायझर खरोखर सुधारतात. अपमान, अवेळी वैयक्तिक मेसेज, नोंदीत खोटे तास लिहायला सांगणं, असं काही असेल तर मात्र बोलत बसू नका, बाहेर पडा आणि बोर्डाकडे तक्रार करता येते हे लक्षात ठेवा.

टेक्ससमध्ये नव्या सुपरवायझरचा करार बोर्डाकडे नव्याने दाखल करावा लागतो. जुन्यांकडून तोपर्यंतच्या तासांचा फॉर्म निरोपाच्या दिवशीच सही करून घ्या. मी तो घ्यायला चार महिने उशीर केला आणि मग त्यासाठी कितीतरी ईमेल पाठवावे लागले.

टीका कडक झाली म्हणून मात्र सोडू नका. ‘या क्लायंटला तू अजून हाताळू शकत नाहीस’ असं सांगणं हे सुपरवायझरचं कामच आहे. क्लायंटच्या रक्षणासाठी ते दारात उभे असतात. ज्यांनी मला दोनदा अडवलं त्यांच्याबद्दल आज मला सर्वांत जास्त आदर आहे.

तासांच्या नोंदी कोण ठेवतं?

दोघांनी ठेवायच्या, पण तुमची प्रत तुमच्याकडे हवी. दर आठवड्याला भरा, महिन्याच्या शेवटी आठवून नको, आणि सही तेव्हाच्या तेव्हा घ्या. सुपरवायझर आजारी पडतात, गाव सोडतात, निवृत्त होतात, कधी वारतात. सही केलेला कागद तुमच्या कपाटात असेल तर काम अडत नाही. कॅलिफोर्नियात अर्जाच्या वेळी सहा वर्षांपेक्षा जुने झालेले तास धरले जात नाहीत. मध्ये बाळंतपण किंवा आईवडिलांसाठी भारतात मोठा मुक्काम होणार असेल तर ही तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.

राज्य बदलायची वेळ आली तर?

नवऱ्याची नोकरी डॅलसहून सनीवेलला गेली, अशी उदाहरणं सतत येतात. निघण्याआधी सुपरवायझरकडून तासांच्या प्रत्येक फॉर्मवर सही, त्यांच्या परवान्याचा क्रमांक आणि सुपरव्हिजनच्या करारांच्या प्रती घ्या, आणि नव्या राज्याच्या बोर्डाला त्यांतलं काय मान्य आहे ते लेखी विचारा. सामान बांधून झाल्यावर नाही. ऑफर लेटर आलं त्याच आठवड्यात.